सातवी ओळ

१२ मार्च १९८७, गुरुवार

सहाच ओळी! दिनकरराव साहेबांनी आज टेबलावर बोट आपटून सांगितलं – एका शीटवर मथळ्याखाली सहा ओळी, सातवी नाही. मागच्या खुर्चीवरल्या माणसाला वाचता आलं पाहिजे म्हणे.

ऑफिसात ते नवं मशीन आल्यापासून हेच चाललंय. ओव्हरहेड प्रोजेक्टर. काचेवर पारदर्शक शीट ठेवायची, खालून दिवा, की पडद्यावर ही एवढाली अक्षरं. बन्सीधर मुद्दे टाइप करून देतो, मी ते पेनानं शीटवर काढतो. लागलो होतो ट्रेसर म्हणून, नकाशे उतरवायला. अक्षर चांगलं म्हणून हे गळ्यात पडलं. आवडतं मात्र! इथं खोटं कशाला लिहू.

मंगळवारी मुंबईचे मोठे साहेब येणार, पाणीटंचाईच्या मीटिंगला. मुद्दा तिसरा – हातपंप नसलेल्या वस्त्या. खाली सात नावं. सातवं नाव आमचं! खडकवाडी, बौद्धवाडा. कितीतरी वेळ कागद हातातच धरून बसलो. आई अजून ओढ्यातल्या झिऱ्यावर वाटीवाटीनं घागर भरते. गावच्या विहिरीवर आमची घागर चालत नाही.

साहेबांना म्हणालो, नावं सात आहेत.

"मग एक गाळ की. पूर्ण यादी फाइलीत आहेच."

दुसरी शीट घेऊ का?

"एका ओळीसाठी शीट? येडा का काय!"

कोणतं गाळू विचारलं तर म्हणाले, तुझं तू बघ.

१३ मार्च

सकाळपासून पेनाचं टोपण काढतोय, लावतोय. कोणाचं गाळू? त्या सहा वस्त्यांत काय बायका नाहीत?

आमचं ठेवलं असतं आणि दुसऱ्याचं काढलं असतं तर बन्सीधरच पहिला बोलला असता. मागं आमच्या समाजाच्या मोर्च्याला जायला मी रजा टाकली तर पंधरा दिवस टोमणे – "तुमचं काय बाबा, आधी तुमचं!" नको ते. दुपारी आमचं गाळलं. साहेबांनी शीट उजेडात धरून बघितली, "वा नागनाथ, मोत्यासारखं!" म्हणाले.

फाइलीत आहेच ना. फाइल तर बघतीलच.

१७ मार्च, मंगळवार

बघितली नाही.

मी मशीनजवळ स्टुलावर, शीटा बदलायला. मुंबईच्या साहेबांपुढं फाइल तशीच, दोरीसुद्धा सोडली नव्हती. तिसरी शीट लावली. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं आणि म्हणाले, "ठीक. पडद्यावरची सहाही मंजूर. पुढचं."

पुढचं – ते मला होतं. तोंड उघडलं मी. साहेब, एक राहिलंय, एवढंच म्हणायचं होतं. पण ट्रेसर कधी मीटिंगमध्ये बोलला आहे का? दिनकरराव साहेबांनी डोळे वटारले आणि मी शीट बदलली. याच हातानं!

१८ मार्च

दिनकरराव साहेबांना सगळं सांगितलं. ते हसलेच! "अरे, मग काल बोलायचं नाही का?" काल बोललो असतो तर आज घरी असतो.

"बरं, पुढच्या वर्षी. एक नंबरला तुमचं नाव. बस्स?"

बस्स म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

२२ मार्च, रविवार

चारठाण्यापर्यंत एस.टी., पुढं पायी खडकवाडी. आई घरी नव्हती, झिऱ्यावर. तिथं गेलो तर सगळ्या बायका रांगेत बसलेल्या. शेजारच्या लक्ष्मीबाई ओरडल्या, "सुलाबाई, आला बघा तुमचा ल्योक! आता काय, पंप आलाच म्हना!"

आईनं वाडाभर सांगून ठेवलंय – समदं माझा नागनाथच लिवतो साहेबाला.

वाटेत हळूच सांगितलं, यंदा जमलं नाही. पुढच्या वर्षी एक नंबर.

"हाय का? साहेब बोलला न्हवं? मग झालं तर. यवढं वरीस काढू की."

कोणी गाळलं ते सांगितलं नाही. भित्रा मेला मी!

९ मे

सहाही ठिकाणी बोअर झाले. सहाही ठिकाणी पाणी लागलं. बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. पण डबा उघडलाच नाही.

३ जून

आई झिऱ्यात घसरली. उजवा हात मनगटात मोडला. बैलगाडीतून, मग एस.टी.तून परभणीला आणली. प्लास्टर घातलंय. माझ्या खोलीवर राहा म्हणतो तर ऐकत नाही – "मी हितं बसल्यावर तितं म्हशीला पानी कोन दावील?"

डाव्या हातानं घागर उचलते का, ते कोपऱ्यातल्या बादलीवर करून बघायलीय. मला हसून म्हणते, "जमायलंय की रे! थोडंच दिस ऱ्हायलेत आता."

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. लय रडू आलं.

१६ फेब्रुवारी १९८८, मंगळवार

यंदाचे मुद्दे आले. तिसरा – हातपंप नसलेल्या वस्त्या : निरंक.

बन्सीधरला विचारलं, हे कुठून आणलंस? "तुझ्याच शीटवरून की! सहा होत्या, सहा झाल्या. फाइल कोण चाळत बसतंय?" तसाच साहेबांकडं गेलो. सही होऊन वर गेलंय म्हणाले, आता काही होत नाही. मग कागदाकडं बघून, चेष्टेत – "यंदा तर एकच ओळ आहे. बसंल ना रे शीटवर?"

बसली.