चोत्तो कोणाचं, याबाबत

मी, मैनाबाई वामनराव काळमेघ, वय चौऱ्याहत्तर, धंदा फुलशेती, राहणार अमरावती, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या धाकट्या जावेचं मत निराळं आहे. पण जावेच्या मताला कायद्यात जागा नाही, असं वकीलसाहेब म्हणाले.

१. राहतं घर मुलगा नितेश व सून आचल यांना सारख्या हिश्शाने. बैठकीतल्या कोनाड्यात फुलांची मांडणी असते. तिथे मोबाईल चार्जिंगला लावलेला दिसल्यास नितेशचा हिस्सा आचलकडे जाईल.

२. भातकुलीची फुलशेती माझे यजमान कै. वामनराव आणि दीर उत्तमराव यांनी मिळून उभी केली. त्यातला माझा भाग नितेशला. बांधावरच्या बाभळी तोडू नयेत. मांडणीला लागतात.

३. आचल लग्नाआधी नागपूरला इकेबाना शिकली होती. इकेबाना म्हणजे जपानी पद्धतीने फुलं मांडणं : पसरट भांडं, दोन-तीन फांद्या, एखादं फूल, बाकी मोकळी जागा. तिच्याकडून मी आणि माझी जाऊ पार्बताबाई शिकलो व मंडळ काढलं. पार्बताबाई त्यासाठी अकोल्याहून यायची. वामनराव म्हणाले, "फुलंवाल्याच्या घरात फुलं कमी लावाचं मंडळ काहून काढून राहिले?" फांद्या खोचायची पितळी खिळ्यांची चकती आचलला द्यावी. वामनराव एकदा त्या चकतीवर बसले होते. त्यानंतर ते मंडळाबद्दल जपून बोलत.

४. आता भांडणाबद्दल. परतवाड्याला संत्री निवडायचं यंत्र बसवायला मोरिवाकी नावाचे जपानी इंजिनिअर आले होते. नितेशने त्यांना आमच्या प्रदर्शनाला परीक्षक म्हणून आणलं. त्यांना फुलांतलं काही कळतं का, हे कोणी विचारलं नाही. माझी मांडणी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, काडी व एक झेंडू. शेजारी पार्बताबाईची, बाभळीची फांदी व शेवंती. मोरिवाकी दोघींच्या मधोमध उभे राहिले, मान तिरपी केली, दातांतून लांब श्वास ओढला आणि म्हणाले, "चोत्तो..." मग वाकून नमस्कार केला आणि जीपमध्ये जाऊन बसले.

ज्या शब्दासाठी माणूस एवढा श्वास ओढतो, तो शब्द लहान नसणार, असं मी म्हणाले. सगळ्यांना पटलं. वाद इतकाच, की तो कोणाला म्हणाले. मी म्हणाले मला. पार्बताबाई म्हणाली, "बाई, नजर माह्याकडे होती." पुढच्या महिन्यात अकोल्यात 'चोत्तो पुष्परचना मंडळ' निघालं. आम्ही आमच्या फलकावर 'मूळ चोत्तो' लिहिलं. बोलणं बंद झालं, येणंजाणं बंद झालं. दोघे भाऊ मूर्तिजापूरच्या स्टेशनावर चोरून चहा प्यायला भेटत. वामनराव गेले तेव्हा पार्बताबाई आली, दारात उभी राहून रडली आणि माझ्याशी न बोलता परत गेली.

५. यंदा नात खुशी पुण्याहून आली. ती तिकडे जपानी शिकते. फलक पाहून म्हणाली, "आजी, चोत्तो म्हणजे 'जरा'. जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. 'जरा...' म्हणतो आणि सोडून देतो. आपण समजून घ्यायचं की जमलं नाही."

मी दिवसभर विचार केला आणि अकोल्याला फोन लावला. "पार्बता, तुहं खरं आहे. तो तुलेच बोलला होता. चोत्तो तुहं."

ती म्हणाली, "नाही बाई. तुमी मोठ्या. मान तुमचाच."

"तुले अर्थ माहीत आहे वाटते?"

"माह्या नातवानं, अंकुरनं मोबाईलवर पाहून सांगतला. मी फोन करणारच होती तुमाले."

"कायले?"

"चोत्तो वापस द्याले."

आम्ही इतकं हसलो की आचल स्वयंपाकघरातून धावत आली. दुसऱ्या दिवशी पार्बताबाई पिशवी घेऊन आली. आठ दिवसांसाठी म्हणाली होती. अजून इथेच आहे. उत्तमरावांनाही तिने बोलावून घेतलं. मंडळांची नावं बदलू नयेत. नकाराच्या नावाखाली इतक्या बायका इतकी वर्षं आनंदाने जमल्या, तर होकाराने आणखी काय केलं असतं.

६. सबब सदर चोत्तो, त्यावरील सर्व हक्क व जबाबदाऱ्यांसह, मी पार्बताबाईला देते. सोबत फांद्या कापायची माझी कात्री, जिच्यावर तिचा पहिल्यापासून डोळा आहे. एकाशिवाय दुसरं घेता येणार नाही.

७. वरील कलम वाचून दाखवलं तेव्हा पार्बताबाई बाजूलाच बसली होती. तिने वकीलसाहेबांना विचारलं, "साक्षीदाराले यातलं काही घेता येते काय?"

"घेऊ नये. मग भांडणं होतात."

"मंग मी साक्षीदार," म्हणून तिने पेन ओढलं आणि माझ्याआधी सही ठोकली. पहिली सही माझी लागते, त्यामुळे कागद पुन्हा छापायला पाठवावा लागला. सबब कलम सहा रद्द. वाचणाऱ्याला कळावं म्हणून तसंच ठेवलं आहे. कागद येईपर्यंत मी आतून कात्री आणली आणि तिच्या हातात दिली. माणसाने जिवंतपणी दिलेल्या वस्तूला मृत्युपत्र लागत नाही.

चोत्तो मात्र माझ्याकडेच राहिलं. ते मी सोबत नेईन.

हे सर्व मला वाचून दाखवलं, समजलं, आणि सही माझ्याच हातची आहे.

मैनाबाई वामनराव काळमेघ

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली :
पार्बताबाई उत्तमराव काळमेघ, अकोला, हल्ली मुक्काम अमरावती
देवमन पुंजाजी तायडे, शेजारी, अमरावती

ठिकाण : अमरावती
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२४