झाकणं वेगळी भाजली

नवरोबा,

हे माझ्यापुरतंच लिहितेय. तुला पाठवायचं पत्र निराळं असेल.

इथे परदेशात, मी ज्यांच्याबरोबर काम करते त्या कुंभारीणबाई बरण्या झाकण लावूनच भाजतात. माती भट्टीत आकसते. एकत्र भाजली की दोन्ही सारखीच आकसतात. मी पडले डिझायनर! झाकणांना वेगळा रंग हवा म्हणून ती दुसऱ्या भट्टीत भाजायला लावली. आता एकही बसत नाही. बाई पोट धरून हसल्या. "बरण्यांत चमचे ठेव," म्हणाल्या, "झाकणांत मीठ!"

तू लिहितोस, पुरे झालं, परत ये, पूर्वीसारखे राहू. वाचून मी एक झाकण पुन्हा फिरवून फिरवून बसवून पाहिलं.

तडा कुठेच नाही रे. दोन्ही छान भाजली आहेत.

सवयीने,
तुझीच