बेरजेचं बटण

तात्या, तुम्ही होतात तेव्हाही आपण फारसं बोलत नव्हतो, म्हणून आज कुठून सुरुवात करावी ते सुचत नाही. मी बारामतीत कॉम्प्युटरवर काय करते असं कुणी विचारलं, की तुम्ही 'टायपिंग करती' म्हणून मोकळे व्हायचात. मला राग यायचा. मग लोणी देवकरच्या कारखान्यात प्रेसखाली तुमचा डावा हात सापडला, आणि तुम्ही वडगावला घरी येऊन बसलात. हात राहिला, बोटं मात्र गेल्यातच जमा. अजून डोळ्यांपुढे आहे: स्वयंपाकघरात आई तुमच्या ताटात भाकरी कुस्करून वाढते आहे, आणि तुम्ही ताट बाजूला सारता आहात. "मी काय ल्हान पोर हाय व्हय?" त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. आईही जेवली नाही.

त्याच हिवाळ्यात गावच्या दूध संकलन केंद्रात कॉम्प्युटर आला आणि त्याचा प्रोग्राम लिहायचं काम आमच्या छोट्याशा ऑफिसात माझ्याकडे आलं. यंत्रावर बसायला माणूस हवा होता. मी केंद्राच्या चेअरमन आबांकडे तुमचं नाव काढलं. ते म्हणाले, "तात्या चोख मानूस हाय, पन एका हातानं कसं जमायचं? सकाळची रांग असती. लोकं थांबत न्हाईत." मला वाईट वाटलं, पण त्यांचं खोटं नव्हतं. मी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये लिटर टाका, फॅट टाका, मग हात उचलून माउस धरा, 'नोंद करा'वर नेऊन दाबा, पुन्हा हात कळांवर आणा, असा सगळा द्राविडी प्राणायाम होता. दोन कळा एकदम दाबायचे जे शॉर्टकट मी हौसेनं घातले होते, त्यांना तर दोन हातच लागत. आबांनी एक सकाळ चाचणीला दिली. जमलं तर तात्या, नाहीतर दुसरा माणूस.

मी ते सगळे शॉर्टकट काढून टाकले. उजवीकडच्या आकड्यांच्या कळांवर लिटर आणि फॅट, तिथलंच बेरजेचं बटण दाबलं की नोंद, वजाबाकीचं दाबलं की रद्द. गायीला जी, म्हशीला एम. कर्सर कुठंही असो, दाबलेली कळ आधी माझ्या प्रोग्रामनं पकडायची आणि मगच खालच्या रकान्याकडे सोडायची, अशी व्यवस्था केली. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

चाचणीच्या सकाळी केंद्रात सगळा गाव लोटलेला. तुम्ही खुर्चीत, मी मागे उभी. तुम्ही जरा अडखळलात की माझं बोट पुढे जायचं. शेवटी तुम्ही मान न वळवता म्हणालात, "हात काढ. माजं बटन मला दाबू दे." मी हात मागे घेतला. रांग सुरळीत सरकू लागली. तेवढ्यात शेजारचे अण्णा आले. ते नवे सभासद, म्हणून नाव टाइप करायचं होतं आणि त्यांचं खरं नाव 'म'वरून. तुम्ही एम दाबलंत. ते अक्षर नावाच्या रकान्यात पोचलंच नाही, माझ्या प्रोग्रामनं ते मधेच गिळलं आणि अण्णांच्या गायीची म्हैस करून टाकली. पुन्हा दाबलंत, पुन्हा म्हैस. पडद्याकडे बघून अण्णा म्हणाले, "तात्या, माजी गाय यका रातीत म्हस झाली की! ऱ्हाऊ द्या, म्हशीला भाव जास्ती हाय. आपली काय तक्रार न्हाय."

आता आबा काय म्हणतात? आणि तुम्ही हसलात. कारखान्यातून घरी आल्यापासून पहिल्यांदाच, खांदे हलेपर्यंत. रांग हसली, आबाही हसले. अण्णांचं नाव तुम्ही कागदावर लिहून घेतलंत आणि पुढची किटली बोलावलीत. दुपारी मी चूक दुरुस्त केली: कर्सर नावाच्या रकान्यात असेल तर अक्षरांना हात लावायचा नाही. संध्याकाळी आबा घरी आले. "उद्यापास्नं येळंवर या, तात्या," एवढंच बोलले. आई आत जाऊन रडली. मीही रडले, पण बाहेर, तुमच्यासमोरच.

तुम्ही बरीच वर्षं त्या खुर्चीत बसलात. परवा पिंपळीला एका केंद्रात कामासाठी गेले होते. पडदा नवा, रंग नवे, प्रोग्राम दुसऱ्याच कुणीतरी पुन्हा लिहिलेला. खुर्चीत एक तरुण बाई, डाव्या हातानं मांडीवरचं लेकरू सावरलेलं, आणि उजवा हात सरसर चाललेला. लिटर, फॅट, बेरीज. लेकरू झोपलेलंच. ही कळांची जोडणी कुणाच्या हातासाठी झाली ते तिला ठाऊक नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, तेव्हा ते माझ्यापाशीच राहील. एवढंच सांगते, तात्या, की माझ्याकडे दूध नव्हतं, किटलीही नव्हती, तरी तुमचं बटण दाबलं जाताना बघायला मी पिंपळीच्या त्या रांगेत उभी राहिले.