काचेत पाहून दिलेलं मत

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (खरोखर घालायला गेलो, तर पाठीत उसण भरली. अर्धा तरी धरून घे.) गुडघा कसा आहे? परिषदेत उभ्यानं बोलू नकोस, खुर्ची माग. गुरुवारी तू विद्वानांसमोर आमच्या कामाचा आकडा वाचणार, त्याआधी हे पत्र तुला मिळायलाच हवं, म्हणून तिकडे निघालेल्या ग्रंथपालांच्या हाती देतोय. फोनवर सांगायची छाती नाही.

आत्या, तुझी कमाल वाटते. तीस वर्षं पुढाऱ्यांची भाषणं ऐकलीस (मला एक ऐकवत नाही), आणि माणसं पटून मत देतात की घाबरून, हे शोधत राहिलीस. आता भाषणं यंत्रं लिहायला लागली, तर या वयात यंत्रांच्या मागे लागलीस! स्वतःच्याच छापून आलेल्या लेखातली चूक तू आपण होऊन कळवलीस, तेव्हा बाबा आठवडाभर म्हणत होते, "हिला कोणी विचारलं होतं?" आणि प्राचार्यांशी भांडून मी कॉलेज सोडलं तेव्हा सगळ्यांनी हात टेकले, तू मात्र म्हणालीस, "रागीट माणूस राग पटकन ओळखतो. ये कामाला."

काम सोपं. निवडणुकीतले मेसेज वाचायचे आणि खूण करायची: राग, भीती की नुसती विनंती. दोघांनी आपापलं वाचायचं, विचारायचं नाही. दोघांचं जुळेल ते तुझ्या यंत्राला शिकवायचं. म्हणून तू आमच्या टेबलांमध्ये प्लायवूडचा आडोसा घातलास. (पलीकडे बसते तिला मी मनात 'पलीकडली' म्हणतो.) पण बाजूचं काचेचं कपाट तुझ्या कसं लक्षात आलं नाही गं? त्यात तिचा चेहरा लख्ख दिसतो. नाकपुडी फुगली की राग, पेन्सिल चावली की भीती, जांभई आली की विनंती. तीन महिने मी मेसेज वाचलेच नाहीत, तिलाच वाचत बसलो. शंभरात सत्त्याण्णव जुळले! तू खुशीनं आइस्क्रीम आणलंस.

म्हणजे एकाच बाईचं मत दोनदा पडलं. शुद्ध बोगस मतदान, तेही लोकशाहीवरच्या कामात! तिला यातलं काही माहीत नव्हतं. तो आकडा वाचू नकोस. मला खुशाल काढून टाक, पण माझ्यापायी तू खोटी पडू नकोस.

तुझा संतापी भाचा

ता. क. सकाळी आडोशापलीकडे जाऊन तिला सगळं सांगितलं. नाकपुडी फुगली. म्हणाली, "काचेवर वर्तमानपत्र चिकटव आणि दोनशे मेसेज नव्यानं वाच. आत्ता." वाचले. शंभरात एकसष्ट जुळतात. मी राग लावला तिथे बहुतेक ठिकाणी तिची भीती. म्हणाली, "तुला ओरडणारा प्रत्येक माणूस चिडलेलाच वाटतो. नीट वाच, घाबरलाय तो." आत्या, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तूसुद्धा.

आणखी एक ता. क. एकसष्टवर तुम्हा संशोधकांत शोधनिबंध उभा राहत नाही म्हणे. लग्न राहतं का? राहत असेल तर आल्या आल्या बाबांच्या कानावर घाल. तिला अजून विचारलेलं नाही. तेही तूच बघ.