मीठ शेवटी

माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून बिनघोर लिहिते आहे. असली पुस्तकी मराठी तुझ्यासमोर बोलले असते तर "मास्तरीन व्हयनी का तू?" म्हणून हसली असतीस. आज आखाजी झाली, पुस्तकी मराठीतली अक्षय तृतीया. सणाला माहेरी आले आहे, बाहेर झोक्यावर पोरी गाणी म्हणताहेत, आणि माझं मन दुपारपासून थाऱ्यावर नाही. पाणी प्यायला उठते आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन तशीच परत येते.

दरवर्षी भाऊ तुझ्या नावाची घागर भरतो, वर खरबूज, आपलं डांगर, ठेवतो आणि निखाऱ्यावर पुरणपोळी नि आमरसाचा घास टाकतो. आमरस! तुला गोड कधी गेलं होतं गं? सणाचं सगळ्यांना वाढून तू चुलीपाशी बसायचीस ती तुझं आंबटतिखट घेऊन. तापीच्या वाळूतलं डांगर, अर्धंकच्चं, करकरीत. कैरी, कांदा, निखाऱ्यावर भाजलेली हिरवी मिरची, कोथिंबीर. सगळं विळीवर बारीक चिरायचं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर घ्यायचं. उन्हाळाभर तुला दुसरं काही लागत नसे. पितरांना दाखवल्याशिवाय आंबा खायचा नाही, त्यावरून एकदा आत्या तुझ्यावर डाफरली होती. "आखाजीना पहिले आंबा?" तू विळीवरून मान न उचलता म्हणालीस, "आंबा कोठे शे? कैरी शे." मग आत्याही बसली आणि दोनदा मागून खाल्लं तिने.

अजून दिसतं मला. मी तुझ्या गुडघ्याला टेकून बसले आहे, परकरातली पोर. कैरीच्या वासाने तोंडाला पाणी सुटलंय आणि मुठीत मीठ आहे. तू सांगतेस, "मीठ सेवटले. खानारं बसनं की मंग." तू कोथिंबिरीसाठी परसात वळतेस आणि मी मूठ उघडते. तू येईस्तोवर कांदा मऊ पडलेला, डांगर पाण्यात. "तुले धीर कसा नही गं!" पाठीत धपाटा बसला. मग तूच ताटली उचललीस, सुटलेलं पाणी डोळे मिटून प्यायलीस, टाळ्याला जीभ वाजवलीस आणि शेवटचा घोट माझ्यापुढे धरलास. "घे, तुन्ही करनी." त्या घोटाची चव मला पुन्हा कशालाच आली नाही.

यंदा मी हट्टच धरला. लढाईपायी साखर रेशनवर, आमरस तसाही आंबटढाण. भावाला म्हटलं, मायपुढे तिचं खाणं ठेवू दे. तो दचकलाच. "पितरसले कांदा चालस का?"

मी म्हटलं, "पितर कोठे शे? माय शे ती."

त्याने घागर थोडी आत सरकवली. मग म्हणाला, "ठेव. पन जराक दूर."

चिरलं सगळं, ताटली मांडली, मुठीत मीठ घेतलं आणि तिथेच अडले. खाणारं बसलं की मीठ. तू बसलीस हे मला कसं कळावं? भाऊ हातात घास घेऊन थांबलेला, वहिनी मागून "बाई, आटपा ना" म्हणते आहे, आणि माझ्या मुठीतलं मीठ घामाने ओलं होत चाललंय. तू गेलीस तेव्हा रडले होते, पण अशी तळमळ तेव्हाही झाली नव्हती. ये ना गं. एकदा बस ना. मी घागरीकडे बघत होते, दाराकडे बघत होते, आणि मग मला धीर धरवला नाही. मूठ उघडली. बघता बघता डांगराला पाणी सुटलं.

आपला पोस्टमन जित्या माणसांची पत्रं नीट पोचवत नाही, तुझं कुठे नेणार? कागदाची घडी करून पदराच्या गाठीत ठेवते. एवढंच सांगायचं होतं. सगळे जेवायला बसल्यावर मी गुपचूप ती ताटली उचलली आणि तोंडाला लावली. शेवटचा घोट तुझ्यासाठी ठेवायचा होता. राहिला नाही गं.