खिचडीच्या खोलीतली बाई

हर्षा,

शाळेत तुले आता समुपदेशक बाई म्हणतात. माझ्या तोंडून मात्र हर्षाच निघते.

आई गेल्यापासून आमची सातवीतली गुड्डी मुकीच झाली होती. तू तिले शाळेची खिचडी शिजते त्या खोलीत नेलं, समोर तांदळाचं ताट ठेवलं, अन् खडे निवडता निवडता माझी बहीण बोलायला लागली. दर शनिवारी मी तिले आसगावच्या शाळेत तुझ्याकडे आणतो अन् तुले दिसू नये म्हणून फाटकाबाहेर बसून राहतो.

काल परत येताना गाडीवर गुड्डी म्हणाली, "मी ताईले सांगतलं, आमचा दादा रागात ताट फेकते."

"मंग? काय म्हणे?"

"खडे निवडत राहिली."

तुले त्यात नवीन काय. तुझ्यापायी केलेल्या मारामारीनंतर मी कॉलेज सोडलं अन् तू मले सोडलं.

थकलो मी, हर्षा. एकदा भेट, एवढंच लिहायचं होतं. पण हे वाचून तुले वाटेल, हा बहिणीच्या आडून माझ्या मागं लागला. मग तू गुड्डीले दुसऱ्या बाईकडे देशील, अन् ती पुन्हा गप्प होईल. म्हणून हा कागद माझ्याच खिशात राहील.

शनिवारी तिले आणतो. फाटकापर्यंतच.

गुड्डीचा भाऊ,
अंकुश