जीन बंद, पेशी खलास

शुक्रवार, २ जून, सकाळी ९.१०
पीएचडीचं सहावं वर्ष. आजपासून शिस्त. उंदराचा एक जीन माझ्या गळ्यात पडलाय. तो पेशीत नक्की काय काम करतो, कुणालाच माहीत नाही. मी शोधणार. दोन डिश लावल्या. एकीत जीन बंद केलेल्या पेशी, दुसरीत साध्या, तुलनेसाठी. यांना रोज ताजं मीडियम लागतं, म्हणजे खाणंच. शनिवार-रविवारी येऊन बदलायचं. म्हणजे बदलायचंच.

रविवार, ४ जून
काल अंग मोडून आलेलं. आज निघणारच होतो, पण जेवण अंगावर आलं. पेशी त्या केवढ्या! त्यांना लागून लागून किती लागणार?

सोमवार, ५ जून, ११.३०
जिंकलो! जीन बंद केलेल्या पेशी झाडून सगळ्या मेल्या. म्हणजे या जीनशिवाय पेशी जगूच शकत नाही! साध्याही मेल्या, पण त्या मुळातच नाजूक असणार. वहीत लिहिण्यासारखं नाही. गाइड सरांनी पाठ थोपटली. आईला फोन केला. ती म्हणाली, मग आता नोकरी लागेल का?

बुधवार, १४ जून
लॅबमध्ये माझ्यामागून आलेली एक मुलगी आहे, तिला सगळे चिमणी म्हणतात. तिनेही हाच जीन बंद केला. तिच्या पेशी मजेत वाढतायत. सर बुचकळ्यात. मी म्हणालो, तिचा हात अजून बसलेला नाही, जीन नीट बंद झाला नसेल. सरांना पटलं. तिच्या फेलोशिपच्या अर्जावर सही करेनात. म्हणाले, आधी सगळं पुन्हा कर. मला तसं म्हणायचं नव्हतं. पण विज्ञानात भावना आणून कसं चालेल?

सोमवार, १९ जून
अर्जाची मुदत गुरुवारी संध्याकाळपर्यंत. चिमणी सकाळी सातलाच येते, डोळे सुजलेले. मी पलीकडच्या जिन्याने जातो. तेवढाच व्यायाम. ठरलं, मुदतीआधी सरांना सांगून टाकायचं, साध्या डिशमधल्याही मेल्या होत्या.

गुरुवार, २२ जून, दुपारी ४.००
सरांच्या दारापर्यंत गेलो. ते फोनवर होते. पाच मिनिटं थांबलो. खरं तर दोनच. लाज वाटतेय. उद्या मीटिंगमध्ये सांगेन, सगळ्यांसमोर, ताठ मानेने.

शुक्रवार, २३ जून
चिमणीने तीनदा करून दाखवलं. जीन पार बंद, पेशी ठणठणीत. मग साध्या पेशी दोन दिवस मीडियमशिवाय ठेवलेल्या दाखवल्या. सगळ्या मेलेल्या. म्हणाली, सर, उपाशी ठेवलं तर कुणीही मरेल. सरांनी विचारलं, तुझ्या साध्या पेशींचं काय झालं होतं रे? मी म्हणालो, वही घरी राहिली. वही मांडीवर होती.

सरांनी तिथल्या तिथे पेन काढलं, सही करायला. चिमणी म्हणाली, मुदत काल संपली.

शुक्रवार, ३० जून
फेलोशिप नाही, म्हणजे पैसे नाहीत. आज चिमणीचा लॅबमधला शेवटचा दिवस. मी सॉरी म्हणालो, तेही तिच्या बॅगेकडे बघत. ती म्हणाली, दादा, माझ्या पेशींना आजचं मीडियम घातलंय, उद्यापासून तुम्ही बघाल ना?
मी म्हणालो, नक्की. उद्या शनिवार आहे.